मुका दिवा

काकूंचा न लागणाऱ्या दिव्यावर जराही विश्वास नव्हता. त्यांच्या वायरिंगच्या शेडमध्ये गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी त्या चावी फिरवून मीटरकडे बघत. एअरबॅगचा लाल दिवा लागून थोड्या वेळाने विझला, तरच पुढचं बोलणं. "आंधी लागला पायजे, मंग इझला पायजे," त्या म्हणत. "लागलाच नाही, त थो मुका हाय. मुक्याले काहून सुखी समजता गा?"

मी देवगडचा, नववीत शाळा सोडलेला. नागपुरात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका सेठकडे ड्रायव्हर होतो. नोकरी जाईल या धास्तीने सगळ्याला हो म्हणायचो. काकूंनी जेवलास का विचारलं, तरी उपाशीपोटी हो. "तुहाबी दिवा कोनी झाकून ठेवला वाटते," म्हणत त्या हातात भाकर ठेवायच्या. परमुलखात असं कोण देतं?

एका दुपारी सेठची गाडी घेऊन गेलो. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. काकूंनी चावी फिरवली. बाकीचे दिवे लागले, एअरबॅगचा नाही. मीटर खोललं, तर त्या एका बल्बवर काळी टेप. टेप काढली आणि दिवा लागला, तो विझेचना. बिघाड एअरबॅगमध्येच होता, कुणीतरी तो झाकला होता. मी घाबरत सेठना फोन केला. ते म्हणाले, टेप परत लावायला सांग, नाहीतर तिला यापुढे माझी एकही गाडी नाही.

काकूंनी फोन ओढून घेतला. "टेप नालीत फेकली, सेठ. दुसरी आनली त तुमच्याच तोंडाले लावीन."

मग चावी माझ्या हातात देत म्हणाल्या, "कोनी पुसलं त मुका राहू नको."

संध्याकाळी लेकरू मांडीवर घेऊन पुढे बसलेल्या बाईंनी विचारलंच, हा लाल दिवा कसला? सेठ माझ्याकडे बघत होते. तरी बोललो: धडक बसली तर बॅग उघडेलच असं नाही, आणि हे झाकायला सांगितलं होतं.

माझी नोकरी गेली, काकूंकडे सेठच्या गाड्या येणं बंद झालं. त्यांनी मला शेडमध्येच ठेवून घेतलं. गेल्या वर्षी काकू गेल्या. आई म्हणते, आता घरी ये. शेड कोण उघडणार, म्हणतो मी.

परवा दुसऱ्या एका सेठचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. चावी फिरवली, दिवा लागला नाही. फक्त एसी बघा, मीटरला हात लावू नका, असा सेठचा निरोप होता. जेवलास का, विचारलं. हो म्हणाला.

त्याच्या हातात भाकर दिली आणि मीटर खोलायला घेतलं.