धर्मापुरीला नेलेलं जातं

ठकूचा निरोप पौषात आला. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ तिनं सांगून धाडलं होतं, "जातं पार झिजलंय. माय, तू एकदा येऊन जा." ठकू माझी लेक. धर्मापुरीला दिलेली, दोन लेकरांची आई. मी निरोपातलं पहिलंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडं जाऊन दोघींनी ओढायचं चांगलं रुंद जातं घेतलं, दगड खरखरीत व्हावा म्हणून टाकी लावून घेतली आणि केरबाला म्हटलं, गाडी जुंपा.

केरबा माझा दीर. त्यानं जातं बघितलं, मग बैलांकडं बघितलं.

"वैनी, धर्मापुरीत दगड मिळत न्हाईत व्हय?"

"लेकीला मायनं द्यायचं असतंय. उचला."

आता गल्लीतल्या बायका येऊन धर्मापुरीचा रस्ता विचारतात, खायचं काय, राहायचं कुठं विचारतात. प्रत्येकीला सांगायला मला वेळ नाही, म्हणून लिहून ठेवते. मी मामाच्या ओसरीवर दोन पावसाळे अक्षरं गिरवली तेवढीच, चुकलं असेल तर सोडून द्या. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवा.

धारूरहून निघताना पाणी भरून घ्या. आडसपर्यंत रस्ता खडकाचा, गाडी अशी आदळते की पोटातलं सगळं हलतं. गोधडी दोन पदरी घालून बसा. आडसला आम्ही देवळाच्या ओट्यावर मुक्काम केला. शेंगाची चटणी, भाकरी, कांदा घरूनच नेलेला. गावातल्या एका बाईनं न मागता ताक दिलं. तिनं गाडीत वाकून विचारलं, "एवढं मोठं जातं कावून नेता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "नशीबवान हाय तुमची लेक." मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आंब्याला. सरकारी कागदात त्याला मोमिनाबाद म्हणतात, आमच्या तोंडी आंबंच. तिथं पलटणीची छावणी, त्यामुळं रस्त्यावर घोड्यांची धूळ लई. बैल बुजतात, गाडी कडेला घेऊन थांबा. योगेश्वरीचं दर्शन केलं. धर्मशाळेत राहायला काही पडत नाही, पण कडबा विकत घ्यावा लागतो आणि तिथले लोक परक्याला दुप्पट सांगतात. मी भांडले, तेव्हा दोन आण्यांत पेंढ्या मिळाल्या. केरबा लाजून झाडामागं जाऊन उभा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी घाटनांदुरावरून धर्मापुरी. या बाजूची काळी जमीन बघून आमच्या माळाची लाज वाटते. ज्वारी माणसाच्या वर गेलेली, कणसं दुधात आलेली. दिवस उतरायच्या आत पोचलो.

ठकू दारात आली. मला बघून हसली, आणि गाडीतलं जातं बघून तिचं हसू गेलं.

मी म्हटलं, "काय गं, आवडलं न्हाई?"

बोलली तिची सासू, माझी विहीण. ती बोलल्याशिवाय राहणारी बाई नाही.

"विहीणबाई, बरं केलंत. तुमी तर येतायेताच निकाल देऊन टाकला."

"कसला निकाल?"

मग कळलं. गावात एका शेटनं तेलावर चालणारं इंजिन बसवलंय, पिठाची गिरणी. पैसे नसले तर पायलीमागं थोडं धान्य काढून घेतात. जुनं जातं झिजलं तेव्हा ठकू म्हणाली, नवं आणू नका, मी गिरणीत दळून आणते. विहीण म्हणाली, आमच्या घरात असलं झालं न्हाई. रोज कटकट. शेवटी विहीण म्हणाली, तुझी माय म्हणंल तसं करू. आणि ठकूनं मला बोलावून घेतलं, तिच्या बाजूनं दोन शब्द टाकायला. मी शब्दाआधी दगड टाकला.

मला ठकूचाच राग आला. हातपाय धड असलेल्या बाईनं दुसऱ्याकडून दळून आणायचं? मी म्हटलं, "आमी काय मेलो का दळून? आण जवारी, बघ किती येळ लागतो."

जातं ओट्यावर मांडलं आणि बसले दळायला. उजवा खांदा माझा दोन वर्षांपासून वर जात नाही, ते कोणाला दिसू नये म्हणून पदर घट्ट खोचला. अर्ध्यात हात जड झाला. ठकू समोर येऊन बसली, तिनंही खुंटा धरला. दोघींनी ओढलं.

भाकरी झाली. जावई जेवायला बसले. पहिला घास तोंडात आणि कच्च. त्यांनी चावणं थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि तसंच गिळलं. दुसरा घास, पुन्हा कच्च. धाकट्या नातीनं सरळ थुंकून टाकलं.

टाकी लावलेल्या जात्यात आधी कोंडा दळून फेकायचा असतो, दगडाची कच निघून जाते. हे मी दहा बायकांना शिकवलंय. रागात विसरले. विहिणीला तेवढंच पाहिजे होतं.

"धारूरकडं दगड बी दळून खात्यात व्हय? म्हणून तुमी लोक एवढे घट्ट."

सगळे हसले, केरबा सगळ्यांत जास्त. ठकू हसली नाही. तिनं आपली कचकचीत भाकरी सगळी खाल्ली.

सकाळी ती म्हणाली, "माय, देऊळ बघू." केदारेश्वराचं देऊळ जुनं आहे, जाल तेव्हा बघाच. भिंतीवर चहूबाजूंनी बाया कोरल्यात. कोणी आरशात बघतेय, कोणी नटतेय, कोणी नुसतीच कमरेवर हात ठेवून उभी. मी दोनदा प्रदक्षिणा घालून शोधलं. एकीच्याही हातात जात्याचा खुंटा नाही.

तिथं सावलीत बसल्यावर मी विचारलं, "दळायचं वाचलं तर करणार काय तू त्या येळंत? शेण थापशील? सूत काढशील?"

"झोपंन."

"काय?"

"झोपंन, माय. कोंबडा आरवल्यावर बी झोपंन. उजेड झाल्यावर उठंन."

मला वाटलं, हिच्या तोंडात द्यावी. अंगावर दागिना मागितला असता, पक्कं घर मागितलं असतं, तर समजलं असतं. आईबापापेक्षा चार गोष्टी जास्त मागाव्यात लेकरांनी, माझी ना नाही. पण झोप? झोप काय मागायची वस्तू आहे?

ठकू पायानं माती उकरत बोलली, "तू कवा झोपलीस गं उजेड होईस्तोवर?"

मी म्हटलं, "झोपलीय की." मग आठवायला लागले. बाळंतपणात. पाच बाळंतपणं, प्रत्येकाचे ते बाजेवरचे दिवस, जवळ शेगडी, बाहेर दुसरं कोणीतरी दळत असायचं आणि मी पडून ऐकायची. दुसरे दिवस काही सापडेनात. आणि मी आयुष्यभर बायकांना सांगत आलेय की बाळंतपणासारखं सुख नाही. पोटात दुखून दुखून जीव जायची वेळ आलेली, त्याला मी सुख म्हणत होते. कशाला म्हणत होते ते त्या देवळाच्या पायरीवर बसून कळलं.

ठकूला हे बोलले नाही. म्हटलं, "चल, गिरणी दाखव."

गिरणी म्हणजे पत्र्याखाली धडधडणारं काळं यंत्र आणि घासलेटाचा वास. पीठ गरम निघतं, हात लावला तर तव्यासारखं. एक म्हातारी म्हणाली, या पिठाचा जीव जळतो, भाकरीला चव न्हाई. खरं आहे, मी तिथंच चिमूट खाल्लं. पण बाकीच्या बाया टोपल्या रांगेत ठेवून भिंतीला टेकून बसल्या होत्या. भर सकाळी, हातात काही काम नाही, एकमेकींच्या केसांत बघत गप्पा मारत. मला ते बघवेना. इतकं बघवेना की मी उठून त्यांना दोन शब्द सुनावणार होते. मग वाटलं, यांनी माझं काय घेतलंय? काही नाही. मला मिळालं नाही एवढंच.

घरी येऊन विहिणीला म्हटलं, "गिरणीत जाऊ द्या तिला."

"आणि हे जातं?"

"डाळ भरडायला होतंय."

"अन् ही झोपल?"

"झोपंल. तुमीच म्हणला होता, माय म्हणंल तसं. मी म्हणतीय."

विहिणीनं तोंड वाकडं केलं, पण शब्द फिरवला नाही. तेवढी ती बाई सच्ची आहे. फक्त निघताना गाडीजवळ येऊन हळूच म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या सुनंला बी झोपू देता का हो उजेड होईस्तोवर?"

परतीचे तीन दिवस मी केरबाशी धड बोलले नाही. त्याला वाटलं मला ताप आहे.

माझी सून यमुना, लग्न होऊन चार वर्षं झाली. ती आल्यापासून मी घरच्या जात्याला हात लावला नव्हता. आमच्या धारूरला गिरणी नाही, कधी येईल कोण जाणे. घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याची घरघर सुरू झाली तशी मी उठले.

"सर. मी दळते. तू जाऊन झोप."

ती खुंटा सोडेना. "आत्याबाई, माझं काय चुकलं?"

"काही न्हाई चुकलं. झोप म्हणलं ना."

"मला माहेरी धाडणार हाव का?"

"अगं ए, झोप!"

ओरडल्यावर ती जाऊन आडवी झाली. पण डोळे उघडे. मी दळत होते तोवर ती अंधारात माझ्याकडं बघत राहिली, मारक्या म्हशीकडं बघावं तशी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती आधीच उठून अंगण झाडत होती. मी खराटा काढून घेतला आणि तिला परत पाठवलं.

चौथ्या दिवशी तिचा डोळा लागला. आवाजानं जागी होऊ नये म्हणून मी जातं हळूहळू फिरवलं. पीठ जाडंभरडं निघालं, भाकऱ्या कडेला फाटल्या. सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

उजेड झाला तेव्हा यमुना दचकून उठली आणि आधी माझा चेहरा बघितला.

मी म्हटलं, "चहूकडं ऊन पडलंय. तोंड धू."