पोरीच्या कमरेला माझं माप

माझ्या थोरल्या मुलीच्या कमरेला ती चालायला लागेपर्यंत एक काळा दोरा होता. अख्ख्या आळीचा समज असा, की तो अकोल्याच्या कुणा बाबाने मंतरून दिलेला गंडा आहे. प्रत्यक्षात ते माझ्या छातीचं माप होतं. हा घोटाळा कसा झाला ते सांगून टाकते. लपवायचं तरी आता कुणापासून?

माझं माहेर अकोल्याचं आणि सासर अमरावतीच्या कडेला, भाजीमळेवाल्यांचं. घरात सासू, सासरे, नवरा, दोन दीर आणि एक म्हैस, जिचा मान माझ्या वरचा. लढाईचे दिवस होते, कापड कंट्रोलवर मिळायचं. मुलगी माहेरी झाली आणि महिन्याच्या आतच माझ्या डाव्या छातीत दूध साकळलं. नुसता दगड. ताप चढला. पोरीने तोंड लावलं की मी किंचाळायची, आणि पोट भरलं नाही म्हणून तीही किंचाळायची. दवाखान्यातली नर्सबाई देशावरची, बोलायला फटकळ. तिने माझ्या चोळीच्या गाठीखाली उमटलेला लाल वळ पाहिला आणि म्हणाली, "ही चोळी आहे की बैलाचं जोतं? या वेळी दूध मोकळं झालं. पुन्हा अशी आवळलीस तर पू होईल, आणि मग ही पोर शेळीच्या दुधावर जाईल." शेळीच्या दुधावर गेलेली दोन पोरं मी पाहिली होती. त्यातलं एकच पुढे दिसलं. मी फार घाबरले.

मला पाहिजे होतं ते काही मोठं नव्हतं. छाती धरून ठेवेल पण आवळणार नाही, आणि लेकरू रडायला लागलं की एका हाताने उघडेल, एवढंच. पण ते मिळेना. गाठीची चोळी पाजायला सोयीची खरी, गाठ सोडली की झालं. मात्र ती घट्ट बांधली तर दूध साकळतं आणि सैल बांधली तर वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन चालताना पावलागणिक जीव जातो. वहिनीने हौसेने बाजारातून शहरी बॉडी, म्हणजे आतून घालायची तयार चोळी, आणून दिली. तिची बटणं पाठीवर! ज्याने ती शिवली, त्याच्या सात पिढ्यांत कुणी आईचं दूध प्यालेलं नसावं. पोर मांडीवर टाहो फोडतेय, आणि मी पाठ खाजवणाऱ्या म्हशीसारखी भिंतीशी झटतेय, असा दोन दिवस तमाशा झाला. तिसऱ्या दिवशी मी ती बॉडी वहिनीलाच परत केली.

सासरी आल्यावर वेगळीच अडचण. सासूबाईंच्या मते बॉडी नाटकातल्या बाया घालत. "गाठीच्या चोळीत आमच्या पिढ्या गेल्या," असं त्या एकदा म्हणाल्या आणि विषय मिटला. आळीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं, पण शिंपी बायकांचं माप घेत नसे. जुनी चोळी आणून द्या, तशीच दुसरी शिवून देतो, हा त्याचा शिरस्ता. म्हणजे जी मला छळत होती तिचीच जुळी बहीण. शेवटी एका बाजाराच्या दिवशी भाजी विकून परतताना मी मागच्या दाराने शिंपिणीकडे शिरले.

ती तिथे काज-बटणं करत बसायची. माझं रडगाणं ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला, "लेकरू कधी प्यालं?"

"सकाळी. आता भरून आलं हाये."

"मंग बराबर वक्ताले आली. नाप भरल्या छातीचं घ्या लागते व. पिऊन झाल्यावर घेतलं, का दोन तासानं शिवण उसवते नाई तं तू."

इंचाची पट्टी तिच्या नवऱ्याच्या गळ्यात. तिने रिळाचा काळा, मेण लावलेला दोरा घेतला. छातीखाली दोन बोटं आत घालून वेढा घेतला आणि गाठ मारली. भरल्या छातीवरून दुसरी गाठ, खांद्यावरून तिसरी. खालची पट्टी चार बोटं रुंद, खांद्याच्या पट्ट्या जाड्या म्हणजे रुतायच्या नाहीत, बटणं समोर, आणि एकेक बाजू वेगळी उघडेल अशी. ती बोलत होती आणि मला वाटत होतं, हिच्या पायाच पडावं. "कापड जुनं आन् मऊ आन," ती म्हणाली, "आन् हा दोरा जपून ठेव. पन्नास बायांच्या छात्या माह्या ध्यानात राहात नाईत."

जपून म्हणून मी तो पाळण्यात, पोरीच्या दुपट्याखाली ठेवला. माझ्या शहाणपणाला तोड नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पोरीने दुपटं ओलं केलं, सासूबाईंनी ते ओढलं आणि एकच बोंब ठोकली. तान्ह्या लेकराखाली काळा दोरा, त्याला तीन गाठी! सासरे धावले, दीर धावले, भिंतीपलीकडची शेजारीण पिठाच्या हातांनी धावली. "करणी हाये व माय, करणी!" शेजारणीने निकाल देऊन टाकला. एक दीर तर दोरा जाळायला चुलीतलं लाकूड घेऊन आला.

आता मी काय बोलणार? सासरे-दिरांसमोर उभं राहून सांगू, की ही माझी छाती आहे, जाळू नका? मी डोळे मिटले आणि ठोकून दिलं, "करणी नाई. नजरेचा गंडा हाये. अकोल्याच्या बाबाचा."

सासूबाईंनी दोरा दोन्ही हातांत धरून ताणला, एक टोक बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. चांगलं लांबलचक पाहिलं.

"हो, गंडाच हाये," त्या म्हणाल्या. "पन गंडा दुपट्याखाली काऊन ठेवते व येडे? अंगावर पाह्यजे." आणि त्यांनी तो दोन वेढे घेऊन पोरीच्या कमरेला बांधला.

पुढच्या बाजाराला मी नवऱ्याचं एक जुनं धोतर आणि पोर, दोन्ही घेऊन शिंपिणीकडे गेले. धोतर धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. शिंपीण म्हणाली, "दोरा?" मी पोरीचं झबलं वर केलं. ती इतकी हसली की तोंडातली सुई पडली आणि ती शोधण्यात आमचा पाऊण तास गेला. पोर वाटेतच पिऊन झोपली होती, त्यामुळे नवं माप घेण्यात अर्थ नव्हता. शेवटी तिने कमरेची गाठ दातांनी सोडली, धोतरावर दोरा लावून कापड बेतलं आणि तो पुन्हा जिथल्या तिथे बांधला. मजुरी म्हणून मी तिला पाटीभर वांगी दिली. घरी नवरा चार दिवस विचारत होता, "माह्यं धोतर कुठं गेलं?" मी उंदरांवर ढकललं.

ती बॉडी अंगात घातली तेव्हा मी मोठ्याने सुस्कारा सोडला. कुणीतरी दोन्ही हातांनी ओझं उचलून धरावं तसं वाटलं. रुतणं नाही, लोंबणं नाही. पोर रडली की डावी बाजू उघडायची, झाली की उजवी. दूध साकळलं नाही, पोरीचं पोट भरायला लागलं आणि ती रडायची थांबली. महिन्याभरात गाल वर आले. श्रेय कुणाला मिळालं? दोऱ्याला!

शेजारणीचं लेकरू दिवसभर किरकिर करायचं. ती म्हणाली, "मले बी तुह्या बाबाचा दोरा दे व." मी तिच्या आवळलेल्या चोळीकडे पाहिलं आणि माझ्यात तो अकोल्याचा बाबा संचारला. म्हटलं, या गंड्याचा नियम कडक आहे. दोरा आईच्या छातीवरून उतरवावा लागतो, तोही दूध भरलेलं असताना, आणि तीन गाठी मारायचा अधिकार फक्त शिंपिणीला. एरवी बायकोला चिंधी आणून देताना कुरकुरणारा शेजारी स्वतः म्हणाला, "जा, जा, आजच जा!" दोरा आला, मागून बॉडीही आली. उन्हाळा लागेपर्यंत आळीत चार लेकरांच्या कमरेला काळे दोरे होते, आणि चार धोतरं उंदरांनी नेली होती.

मग एक दिवस दुपारी पुरुष मळ्यात गेलेले असताना सासूबाईंनी मला आत हाक मारली. "दार लोट," म्हणाल्या. मी दार लोटलं.

"मले बी उतरव एक."

"आत्याबाई, तुमाले कायले गंडा?"

"गंडा नाई मांगून राहिली. नाप मांगून राहिली."

"तुमाले कधी कळलं?"

"पहिल्याच दिशी. मंतरलेल्या दोऱ्याले कोनी मेण लावते का व?"

"मंग तवाच काऊन नाई बोलल्या?"

त्यांनी चोळीची गाठ सोडली. गाठीच्या जागी काळा, जुना वळ होता आणि डाव्या छातीवर एक आकसलेला व्रण. "तुह्या नवऱ्याच्या आंधी मले एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "माह्या छातीत पू झाला. कोनाले दाखवलं नाई. दूध चोळीबाहेर दिसू नये म्हनून गाठ अजून आवळली. पोरगी शेळीच्या दुधावर टाकली. तिले नाई पचलं. दोन महिन्याची होती. तू गंडा म्हनली, मीबी गंडा म्हनलं."

मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायची आमच्या घरात पद्धत नव्हती. दोरा शोधला, तर घरात काळा दोराच नव्हता. म्हणून मी झोपलेल्या पोरीच्या कमरेचा सोडला. सासूबाई दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. मी खाली दोन बोटं घालून वेढा घेतला. माझ्या गाठीच्या चार बोटं अलीकडेच तो संपला. ही बाई मला घरभर वाटायची, आणि दोऱ्यावर ती इतकीशी होती. त्याच दोऱ्यावर मी तिच्या तीन गाठी मारल्या.

"कापड?" मी विचारलं.

"तुह्या नवऱ्याचं धोतर झालं. आता सासऱ्याचं काढ," त्या चोळी बांधत म्हणाल्या. "इचारलं तं सांग, उंदीर लय झाले."

सहा गाठींचा तो दोरा मी पुन्हा पोरीच्या कमरेला बांधला.