चुन्यातली गरमी

आपण कोण लिहिणारे, हा प्रश्न हे लिहायला बसताना पहिला मनात आला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. माझं मराठी शाळेतल्या निबंधापुरतं आहे, इंग्रजी त्याहून कमी. आणि ज्याबद्दल लिहितोय ते रसायनशास्त्र तर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात जेवढं हाती लागलं तेवढंच. ज्यांना हा विषय खरोखर येतो त्यांनी मला सांभाळून घ्यावं. चुकलो तर खुशाल हसावं. फक्त एका वाक्याबद्दल मी माफी मागणार नाही. ती मागितली असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

आमचं गाव आंजीजवळ. शेतात वांगी, टमाटर, कोबी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. माल आंजीच्या बाजारात जातो, जास्त असला तर वर्ध्याला. मी एसटीने वर्ध्याला कॉलेजात जायला लागलो तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती. "शिकतं तर शीक. मी तुले अडवत नाई. पण एक जरी विषय राह्यला, तर दप्तर खुंटीले टांगजो अन् वावरात येजो." बाबा रागावून बोलत नाहीत. पण बोललेलं बदलतही नाहीत. त्यामुळे नापास होणं म्हणजे माझ्यासाठी पुढच्या वेळी पेपर देणं नव्हतं. नापास होणं म्हणजे कॉलेज संपणं.

टमाटरवर करपा आला की आमच्याकडे मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारतात. त्यासाठी बाबा कळीचा चुना आणतात, पांढरे ठिसूळ खडे. मातीच्या रांजणात खडे टाकायचे, वरून पाणी ओतायचं आणि मागे सरकायचं. थोड्या वेळात रांजण खदखदायला लागतो, वाफ निघते, खडे फुटून पीठ होतात. बाबा रांजणाच्या बाहेरून हात लावून पाहतात. चांगला तापला तर म्हणतात, "जिता हाय." तापला नाही तर, "मेला," आणि तो चुना बांधावर ओतून देतात. आईने एकदा गडबडीत प्लास्टिकच्या बादलीत चुना भिजवला होता. बादलीचं बूड वितळून एका बाजूला बसलं. ती बादली अजून कोंबड्यांना पाणी ठेवायला आहे.

ही गरमी येते कुठून, याचं बाबांकडे उत्तर आहे. आमच्याकडे सगळ्यांकडे तेच आहे. भट्टीत दगड भाजतात तेव्हा आग दगडात जाऊन बसते. पाणी पडलं की ती बाहेर निघते. लहानपणी मलाही हे इतकं पटलेलं होतं की खडा कानाला लावून आग आत हलते का ते मी ऐकायचो.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला सेमिनार द्यायचा होता. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा आणि वर्गासमोर उभं राहून बोलायचं. त्याचे मार्क अंतर्गत परीक्षेत धरले जातात आणि त्यात पास झाल्याशिवाय विषय निघत नाही. माझ्या वाट्याला आला रासायनिक बंध: अणू एकमेकांना का आणि कसे जोडले जातात. आर्वीकडचा माझा एक मित्र आहे, वर्गात शेजारी बसतो. तो म्हणाला, "तुह्य तर काम झालं बे. सरच्या नोट्स पाठ कर, फेक, अन् बस खाली."

सरांच्या नोट्स म्हणजे केमिस्ट्रीचे सर जे वर्गात सांगून लिहून घेतात ते. मी पाठ करायला घेतल्या. पहिलंच वाक्य होतं की प्रत्येक अणूला शेवटच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणून तो बंध जोडतो. दुसरं, बंधामध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते. दुसऱ्या वाक्यावर मी थांबलो, कारण ते मला ओळखीचं वाटलं. ते बाबांचंच वाक्य होतं. दगडात आग बसलेली आहे, फोडली की निघते.

मग मी लायब्ररीतलं जाड इंग्रजी पुस्तक काढलं. एक पान वाचायला मला एक संध्याकाळ लागायची. शब्द अडले की मोबाईलवर अर्थ पाहायचा, परत पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्या पुस्तकात उलटं लिहिलेलं होतं. बंध तोडायला ऊर्जा लागते. बंध जुळतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. आधी वाटलं, माझंच इंग्रजी चुकतंय. दुसरं पुस्तक पाहिलं. तेच.

मला ते पटलं कसं, ते माझ्या भाषेत सांगतो. दोन हायड्रोजनचे अणू दूर दूर आहेत. प्रत्येकाच्या मध्ये एक केंद्र, त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन. ते जवळ आले की दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांच्या ओढीत सापडतात. फार जवळ आले तर दोन केंद्रं एकमेकांना ढकलतात. या ओढण्याढकलण्यात एक अंतर असं येतं की तिथे सगळं मिळून सर्वांत खालच्या पातळीवर असतं. तिथे ते थांबतात. त्यालाच आपण बंध म्हणतो. अणूला काही हवं वगैरे नसतं. आमच्या बांधावरून वांग्याची गोणी घरंगळली तर ती नाल्यात जाऊन पडते. गोणीला नाला हवा होता असं कोणी म्हणत नाही. पडताना धप्प आवाज होतो, माती उडते. ते पडण्यातून निघालेलं असतं. आणि गोणी परत वर आणायची तर पाठ मोडते. बंध म्हणजे नाल्यात पडलेली गोणी. तोडायचा म्हणजे गोणी वर उचलायची. उचलताना आपल्यालाच काही मिळेल असं कसं होईल?

आठ इलेक्ट्रॉनचा नियम खोटा नाही. पुष्कळ ठिकाणी तो बरोबर उत्तर देतो. पण तो कारण नाही. हायड्रोजनला तर आठचा पत्ताही नसतो, दोनवर भागतं.

घरी बाबांना सांगायला गेलो. बाबा कोबीला पाणी देत होते.

"बाबा, चुन्यात आग बसून नसते."

"मंग तापते काऊन?"

"भट्टीत दगडातला वायू वेगळा होते. वेगळं करायले आग लागते. मंग चुना राह्यते. त्याच्यावर पाणी टाकलं की पाणी अन् चुना नव्यानं जुळते. जुळतानी गरमी निघते."

बाबांनी पाण्याचं बारं पुढच्या वाफ्यात वळवलं. "म्हंजे भट्टीत आग घातली, अन् रांजणात आग वापस आली. मी दुसरं काय म्हंतो?"

"पण ती दगडात बसून नव्हती ना."

"मंग कुठं गेलती, आंजीच्या बाजारात?"

नंतर लक्षात आलं की हिशोबापुरतं बाबांचं बरोबर होतं. भट्टीत जितकं उचलावं लागलं त्यातलंच काही पुढे पडताना परत मिळतं. चूक एवढीच की ते दगडात निखाऱ्यासारखं बसलेलं नसतं, आणि फोडल्याने निघत नाही. बाबांना हा फरक बिनमहत्त्वाचा वाटला. मला तो सोडवेना.

सेमिनारच्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहिलो. चुन्याचं उदाहरण दिलं, गोणीचं दिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "भाजीवाला केमिस्ट्री विकून राह्यला रे," आणि वर्ग हसला. मीही थोडा हसलो. मग ते वाक्य आलं. बंध तुटताना ऊर्जा लागते.

सरांनी हात वर केला. "थांब. मी काय लिहून दिलं होतं?"

मी सांगितलं.

"मग तू उलटं का बोलतोस?"

"सर, पुस्तकात..."

"बारावीला बायोलॉजी होतं ना? पेशीला ऊर्जा कुठून मिळते? एटीपीचा बंध तुटतो, ऊर्जा मिळते. हे खोटं आहे का?"

मी गडबडलो. एटीपीबद्दल मी तेवढं वाचलेलं नव्हतं. "सर, तिथं पाणी येऊन नवीन काहीतरी जुळत असन," असं काहीतरी पुटपुटलो. माझ्या तोंडून गावची बोली निघाली तसा वर्ग पुन्हा हसला.

सर रागीट नाहीत. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, तू मेहनती आहेस. वाक्य दुरुस्त कर आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहा. तोपर्यंत तुझे मार्क मी भरत नाही. दुरुस्त केलं नाहीस तर शून्य भरीन. कळलं?"

मी "हो सर" म्हणालो. कळलं होतं. शून्य म्हणजे विषय राहणार, आणि विषय राहिला म्हणजे खुंटी.

बाहेर मित्राने तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला, चिमूट तोंडात टाकली. "अबे, एक वाक्य तर हाय. उलटं बोलून टाक. मनात सुलटं ठेव. तुह्या बापाले काय सांगशीन, इलेक्ट्रॉनसाठी नापास झालो?"

"चूक आहे ना पण ते."

"चूक असन. तुले कोणं ठेका दिला? आपल्यासारख्यानं पाठ करावं, पास व्हावं, निघावं. वाद घालाले ते मोठ्या घरचे हायेत."

त्याच्या मनात माझं वाईट नव्हतं. आईनेही घरी तेच सांगितलं: सर म्हणतात तसं म्हण, आपलं काय जातं. पण "आपल्यासारख्यानं" हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. सोडियम क्लोरीनशी जुळताना कोणाचं घर मोठं ते विचारत नाही. मग खरं काय ते बोलायला मोठं घर का लागावं? मला राग येत होता, आणि राग आला की माझं बोलणं आणखीच अडखळतं. म्हणून ठरवलं की बोलायचंच कमी. दाखवायचं.

प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्यांनी तो तपकिरी वायू पाहिलेला असतो, नायट्रेट ओळखताना निघतो तो, नाकाला झोंबणारा. त्याच्या दोन दोन कणांची जोडी जुळते. जोडीला रंग नसतो, सुट्या कणांना असतो. म्हणजे जोड्या किती तुटल्या ते डोळ्यांना दिसतं. प्रयोगशाळेच्या मॅडमची परवानगी घेऊन मी धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात तांब्याच्या तुकड्यांवर नायट्रिक आम्ल टाकलं आणि काचेच्या बुचाच्या दोन नळ्या त्या वायूने भरल्या. मॅडमनी एवढंच विचारलं की सेमिनारसाठीच ना. मी हो म्हणालो.

पुन्हा उभं राहायच्या दिवशी कॅन्टीनमधून थर्मासात उकळतं पाणी घेतलं आणि कॉलेजसमोरच्या रसवंतीतून बर्फ. मित्र बर्फाची पिशवी धरून माझ्यामागे चालत होता आणि सगळ्यांना सांगत होता, "सरबत हाय, सरबत." वर्गात दोन बीकर टेबलावर ठेवले.

"दुरुस्ती केली?" सरांनी विचारलं.

"सर, आधी हे पाहता का?"

एक नळी बर्फात उभी केली, एक गरम पाण्यात. गरम पाण्यातली गडद होत गेली, पार चहापेक्षा काळपट. बर्फातली फिकी पडली. मी नळ्यांची अदलाबदल केली. गडद होती ती फिकी झाली, फिकी होती ती गडद.

सर पुढे आले. "वायू तापला की प्रसरण पावतो. त्याने रंग बदलतो."

"सर, नळी बंद आहे. आत जितका होता तितकाच आहे." माझा आवाज चिरकला, पण थांबलो नाही. "गरमी दिली तेव्हा जोड्या तुटल्या. गरमी काढून घेतली तेव्हा जुळल्या. तुटताना गरमी बाहेर पडत असती तर गरम पाण्यात नळी फिकी पडायला पाहिजे होती. ती पडत नाही. मी वाक्य दुरुस्त करणार नाही सर. शून्य भरायचं असेल तर भरा."

असं मी याआधी कोणाला बोललो नव्हतो. बाबांनाही नाही. सरांनी दोन्ही नळ्या उचलून खिडकीशी नेल्या, उजेडात धरल्या, परत आणून ठेवल्या. "बस खाली," म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं. त्यानंतर परीक्षेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मार्क काय भरले ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

परीक्षा झाली, सुट्टी लागली. मी बाबांसोबत बाजारात बसू लागलो. बाबांना मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अट ते अट." मी म्हणालो, "हो." मला वावराची लाज नाही, कधी नव्हती. पण चुकीचं वाक्य बोलून कॉलेजात राहण्यापेक्षा बरोबर बोलून वांगी तोलीन, हे मी तेव्हा नुसतं म्हणण्यापुरतं म्हणत नव्हतो. रोज गिऱ्हाईक करताना तेच मनात पक्कं करत होतो. निकाल लांबत गेला. नवीन वर्ग सुरू झाले तरी आला नाही. मी कॉलेजात गेलो नाही. जायचं तर निकाल घेऊनच.

मग एका बाजारच्या दिवशी, सांबाराच्या जुड्या बांधत असताना मित्राचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता.

"निकाल लागला बे. तुह्ये सगळे विषय निघाले, केमिस्ट्री बी. सेमिनारले पास होण्यापुरते देल्ले, एक जास्तीचा नाई." मी हातातली जुडी आवळली. "अन् आयकून राह्यला का? आता सर पहिल्या वर्षाच्या वर्गात लिहून देऊन राह्यले होते. मी दारात उभा होतो. बंध जोडताना ऊर्जा बाहेर पडते, तोडताना द्यावी लागते. दोनदा सांगितलं त्याहीनं, खाली रेघ माराले लावली."