पाणी पिऊ नको, गाडी थांबत न्हाय

लग्नानंतर पुण्याला निघाले, तेव्हा कळंबच्या स्टँडवर आईनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं आणि एकच सांगितलं, "पाणी पिऊ नको गं, गाडी मधी थांबत न्हाय." आपल्याकडच्या बायांचा प्रवास असाच, कोरड्या घशानं. पुण्यात आल्यावरही माझी ती सवय सुटली नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकले की लघवी सुटायला लागली. हसले तरी, बादली उचलली तरी. सांगू कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज वाटायची. सोसायटीतल्या बाया भिशीला बोलवायच्या, मी डोकं दुखतंय म्हणायचे. पाणी आणखी तोडलं. गावाकडं यायचं तर एसटीत इतके तास काढायचे कसे? लग्नं चुकवली, भावाची वास्तुशांत चुकवली. गावातल्या तुम्ही सगळ्या म्हणालात, "पुण्याची झाली ती, आता कशाला येतीय." अगं बायांनो, मी इथं दार लावून रडत होते! वास येतोय का म्हणून सारखी साडी हुंगत होते.

शेवटी लघवीला आग व्हायला लागली तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला दिली आणि सरळ विचारलं, "शिंकताना सुटते का?" मला भडभडून आलं. म्हणाल्या, बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू ढिले पडतात. पाणी तोडलं की लघवी दाट होते, लघवीची पिशवी चिडते आणि उलट जास्त घाई लागते. घ्या! आईचं एवढं एकच ऐकलं, तेच अंगाशी आलं. मग फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं, पोटातला वारा अडवतो तसं आतून आवळायचं, जरा धरायचं, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. काही महिने नेमानं केलं. सगळं गेलं नाही, पण लई कमी झालं.

त्या दिवाळीला गावी आले. वाटेत पाणी प्यायले, बार्शीला उतरून मोकळी झाले. घरी आईनं तांब्या पुढं केला, मी गटागटा प्यायले. तिनं घोटभरच घेतलं आणि वाकळेवर बसली. बसायच्या जागी जुन्या लुगड्याची घडी होती. मला लगेच कळलं.

"आई, तुला बी?"

"बाईच्या जातीला असतंच ते. म्हणून तर आले न्हाय तुझ्याकडं. तुझी गादी खराब झाली असती."

इतकी वर्षं मी जात नव्हते आणि ती येत नव्हती, दोघींचं दुखणं एकच. मला तिचा इतका राग आला, आणि तितकीच माया.

जवळच्या डॉक्टरांना दाखवून आणलं, व्यायाम शिकवला आणि मी पुण्याला परत आले. आता संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून दोघी आडव्या होतो. दोघींच्याही घरात त्या वेळी कुणी नसतं. मी म्हणते, "आवळ आई, आता सोड." ती विचारते, "पाणी पिलीस का?"

उन्हाळ्यात ये म्हटलं, तर अजून गादीचंच घेऊन बसलीय. मी म्हटलं, खराब झाली तर धुऊ. घर कशाला असतं मग?