नाल्याकाठची अकरा वावरं

"तू तिथंच बस, पायरीवर. लिहाले काय, कुठीबी लिहिता येते."

दादासाहेबांच्या ओट्यावर तीन खुर्च्या होत्या. एकीत हे सांगणारे दादासाहेब, गावातले साठ एकरवाले. दुसरीत तलाठी. तिसरी रिकामी. मी पायरीवर, मांडीवर पुठ्ठा घेऊन. चहा आला. त्यांचा कपबशीत, माझा कागदी ग्लासात.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा व्हायचा होता. त्यावरून सरकारचं अनुदान ठरतं. नियम असा, की साहेबानं वावरात जाऊन पीक पाहायचं. आमच्याकडे पंचनामा ओट्यावर होतो. दादासाहेब सांगतात, तलाठी मान हलवतो, मी लिहिते. माझं अक्षर चांगलं. बचत गटाच्या याद्या, शाळेतल्या खिचडीच्या याद्या, सगळं माझ्याकडेच. ओट्यावरून बोलावणं आलं की मला बरं वाटायचं. तेही सांगून टाकते.

आधी रोहिणखेड रस्त्याची उंचावरची वावरं आली. तिथं पाणी थांबतच नाही. सगळ्यांपुढे 'पूर्ण नुकसान'. मग दादासाहेब म्हणाले, "आता नाल्याकाठचे अकरा. लिही, नुकसान नाही."

ती अकरा वावरं आमच्या बौद्धपुऱ्याची. अकरावं माझं, दीड एकर. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते.

"साहेब, एकदा येऊन तं पाहा."

तलाठी बुटांकडे पाहत म्हणाला, "गुडघाभर चिखल आहे बाई तिकडे."

दादासाहेब हसले. "तुमाले काय कमी हाय? राशन फुकट, घरकुल फुकट. आता पान्याचेबी पैसे पाह्यजे?"

मी लिहिलं. अकरा वेळा. शेवटी स्वतःच्या नावापुढेही. पंच म्हणून सही केली. उरलेला चहा प्यायले.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. शेजारच्या काशीमायला वाचता येत नाही. "माहं नाव पाह्य वं," म्हणाली. मी वाचून दाखवलं, 'नुकसान नाही'. ती कागदाजवळ सरकली. गटाच्या तिच्या पुस्तकात दर महिन्याला ती माझंच अक्षर पाहते.

"हे तं तुहं अक्षर हाय. काऊन लेह्यलं वं असं?"

मी यादीतलं माझं नावही तिला वाचून दाखवलं.

यंदा पुन्हा तेच पाणी, तेच बोलावणं. मी गेले. पायरीखालीच उभी राहिले.

"आधी नाल्यावर चला. मंग लिहीन."

"लय शायनी झाली हे," दादासाहेब तलाठ्याला म्हणाले. मग मला, "दुसरं कोनी लिहीन."

"लिहू द्या. माही सही नसन."

दुसऱ्यानं लिहिलं. अकराच्या अकरांपुढे पुन्हा तेच. मी वही घेऊन ती वावरं पायी फिरले. कुठे किती पाणी, कोणतं पीक, मालकाची सही नाहीतर अंगठा. तालुक्याला नेऊन दिली. बाबूनं न उघडताच परत केली.

"पंचनामा झालाय, बाई. आता हे कशाला?"

अनुदान येणार नाही. मला माहीत आहे. काशीमायनं उभं सोयाबीन वखरून मातीत घातलं.

पुढच्या वर्षीही नाल्याला पाणी येईल. मी चिखलात उतरेन, एकेक वावर डोळ्यांनी पाहून लिहीन. कोणी वही उघडो न उघडो. तिच्या पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या यादीची झेरॉक्स चिकटवली आहे. माझं अक्षर, माझी सही. ती मी काढणार नाही.

आणि त्या पायरीवर पुन्हा बसणार नाही.