एकोणीसच्या जागी सोळा

डॉक्टरीणबाईंची दोन सीटची गाडी जॅकवर चढवलेली होती आणि पुढच्या दोन्ही टायरांतून आतला कॅनव्हास दिसत होता. मागचे दोन जरा बरे, पण तेही एकाच बाजूनं. मलकापूरच्या आमच्या गॅरेजचे मालक गफूरशेठ यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच मला म्हणाले, "भास्कर, या टायरांवर बाई घाट उतरून आल्या बे."

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि नुसत्या हसल्या. मूळच्या पुण्याकडच्या, वय चाळिशीचं, बुलढाण्यात त्यांचा दवाखाना. बदली होऊन विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ही स्पोर्ट्‌स गाडी घेतली होती. लांब नाक, कापडी टप, जमिनीला टेकायला आलेलं पोट आणि सायकलसारखी तारांची चाकं. साहेबानं ती हौसेनं वापरली. बाई तीच गाडी घेऊन बाळंतपणं करत खेड्यापाड्यांतून हिंडत. लोकांनाही सवय झाली होती. गाडीचा आवाज लांबून आला की बाया दारात पाणी तापवायला ठेवत.

लढाईचे दिवस होते. टायर परमिटवर मिळायचे. डॉक्टर म्हणून बाईंना परमिट मिळालं, पण त्यांच्या मापाचा टायर मिळेना. मी अकोला, अमरावती, नागपूर सगळीकडे विचारून पाहिलं. नाहीच.

माप म्हणजे काय ते थोडं सांगतो. टायरवर दोन आकडे असतात. बाईंच्या टायरवर ४.५०-१९ असं होतं. पहिला आकडा टायरची जाडी, साडेचार इंच. दुसरा आकडा ज्या लोखंडी कड्यावर टायर बसतो त्या रिमचा व्यास, एकोणीस इंच. मिळत होते ते ६.००-१६. सहा इंच जाड आणि सोळाच्या रिमचे, मोठ्या अमेरिकन गाड्यांचे.

मी पाटीवर हिशेब मांडला. एकोणीसचा रिम, वर साडेचार, खाली साडेचार, झाले अठ्ठावीस. सोळाचा रिम, वर सहा, खाली सहा, तेही अठ्ठावीस. चाकाची एकूण उंची तीच. म्हणजे गाडी खाली बसणार नाही, स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, गिअरवर ताण येणार नाही. मला इतका आनंद झाला की पाटी घेऊन मी थेट शेठकडे गेलो. त्यांनी बाईंना निरोप पाठवला.

मुंबईहून सोळाचे चार रिम मागवले. जुन्या चाकांच्या तारा सोडवल्या आणि हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, तसाच ठेवून नव्या रिमला नव्या तारा ओढल्या. हे काम मी स्वतः केलं. त्यात एक गोष्ट आपल्या हातात असते. तुंब्याच्या मानानं रिम किती आत ठेवायचा आणि किती बाहेर. टायर दीड इंचानं जाड झाला होता. ती जाडी कुठंतरी जाणारच. बाईंनी बजावून सांगितलं होतं की टायर मडगार्डच्या बाहेर येता कामा नये, काळ्या मातीचा चिखल अंगावर उडतो आणि त्याच लुगड्यानं बाळंतिणीजवळ जावं लागतं. म्हणून मी रिम आत घेतला. सगळी वाढीव जाडी आतल्या बाजूला गेली.

गाडी उभी असताना टायर आणि ब्रेकची नळी यांच्यामध्ये माझं बोट जात होतं. मला ते पुरेसं वाटलं.

मलकापूरच्या सपाट रस्त्यावर मी एकट्यानं ट्रायल घेतली. गाडी सुरेख चालली. परत येऊन चाकं पाहिली तेव्हा उजव्या पुढच्या टायरच्या आतल्या अंगाला एक बारीक चकचकीत रेघ दिसली. बोटभर लांब. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन बुलढाण्याला गेलो. मोताळा, राजूर, मग घाट. इंजिनच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नाही. बाईंनी नवी चाकं पाहिली, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि खूश झाल्या. मला चहा दिला. तेवढ्यात राजूरहून माणूस आला. बाळंतीण अडली होती, मूल आडवं होतं. बाईंनी बॅग उचलली आणि मला म्हणाल्या की चला, राजूरपर्यंत तुम्हाला सोडते, तिथून मलकापूरची सर्व्हिस मोटार मिळेल.

त्या चालवत होत्या, मी डावीकडे. त्यांची बॅग माझ्या मांडीवर. घाटाची पहिली दोन वळणं त्यांनी नेहमीच्या सफाईनं घेतली. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ तळाच्या फळीपर्यंत गेला.

"ब्रेक नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. रोग्याच्या नातेवाइकाला सांगतात तसा.

या गाडीचे ब्रेक तेलावरचे. पेडल दाबलं की तेल नळ्यांतून चारही चाकांना जातं. एका ठिकाणी नळी फुटली की सगळं तेल तिथून निघून जातं आणि चारही चाकं मोकळी होतात. हँडब्रेक तेवढा तारेचा, तेल नसलं तरी चालणारा. तो आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी बॅग सोडली आणि दोन्ही हातांनी तो ओढला. बाईंनी इंजिनचा आवाज चढवून दुसरा गिअर टाकला. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला त्या घाईत तो पडला नसता. उजवीकडे दरी होती. त्यांनी गाडी डावीकडे डोंगराला घासत नेली. डावी चाकं नालीत उतरली, दगडांवर दणादणा आपटली आणि गाडी थांबली.

बाईंचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटून फुटलं होतं. त्यांनी आरशात पाहून स्वतःच रुमाल बांधला. माझे हात हँडब्रेकवरून सुटत नव्हते. त्यांनीच एकेक बोट उघडलं.

मी गाडीखाली शिरलो. उजव्या पुढच्या चाकाची रबरी नळी कापलेली होती. फुटलेली नव्हे, कापलेली. टायरच्या आतल्या अंगावर तेल पसरलं होतं आणि तेलाखाली तीच चकचकीत रेघ होती, आता हातभर लांब. मला क्षणात सगळं कळलं. दोन माणसांच्या वजनानं आणि उताराच्या झोकानं पुढची स्प्रिंग दबली, स्टिअरिंग पुरतं वळलं, की माझा जाड टायर नळीला घासत होता. दर वळणाला करवतीसारखा.

"काय झालं?" बाईंनी वरून विचारलं.

"नळी जुनी होती, बाई. रबर वाळलं होतं."

हे मी म्हणालो. विचार करून नव्हे. तोंडातून निघून गेलं.

कापसाची एक बैलबंडी घाट उतरत होती. बाई बॅग घेऊन तिच्यात चढल्या आणि राजूरला गेल्या. संध्याकाळी कळलं की त्यांनी कपाळाला तसाच रुमाल बांधून मूल फिरवलं, आणि आई-मूल दोघंही वाचली. मी तिथंच दगडावर बसून राहिलो. आम्ही दोघं, ती बाळंतीण आणि तिचं पोटातलं मूल. चार जीव माझ्या त्या पाटीवरच्या हिशेबावर लटकले होते.

गाडी बैल जुंपून घाटाखाली आणली आणि पुढं लॉरीमागं बांधून मलकापूरला. शेठना मी सगळं सांगितलं, रेघेसकट. ते ऐकता ऐकता बाकावर बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जुनी होती म्हणून सांगतलं ना? मंग जुनीच होती. आता दुसरं काई सांगू नको. लोकाईनं ऐकलं तर आपल्या दारात कोण गाडी आणन?" ते वाईट माणूस नव्हते. पंधरा माणसांची चूल त्या गॅरेजवर पेटत होती. मी हो म्हणालो.

आठ दिवसांनी बाई सर्व्हिस मोटारनं आल्या. कपाळावर टाके होते. गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर बाईंनी सांगितलं की या मिस्त्रीनं हँडब्रेक ओढला म्हणून मी आज उभी आहे. लोक माझ्याकडे पाहू लागले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तरी मी गप्प बसलो असतो. मग त्या म्हणाल्या, "मेहकरचे डॉक्टर आहेत ना, त्यांची गाडी अशीच आहे, कंपनी वेगळी. टायर झिजलेत, नवे मिळत नाहीत म्हणून उभी करून ठेवलीय. मी त्यांना कळवलंय, मलकापूरला पाठवा, भास्कररावांकडून हीच चाकं बसवून घ्या. पंधरवड्यानं येतील."

घाटात बसला त्याहून मोठा धक्का मला इथं बसला. मी शेठकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"बाई, नळी जुनी नव्हती," मी म्हणालो. "मी बसवलेल्या टायरनं कापली. रिम मी जास्त आत घेतला. आन मले ते आदल्या दिशीच दिसलं होतं. टायरवर रेघ होती. मी पुसली."

बाईंचा हात कपाळाकडे गेला आणि टाक्यांपाशी थांबला.

"पुसलीत कशाला?"

"मले वाटलं मळ हाये."

"वाटलं, का तसं वाटून घेतलंत?"

मला वाटलं, आता पोलीस येणार, निदान नोकरी तरी जाणार. त्या म्हणाल्या, "गाडी कुठंय? दाखवा मला."

मी आणि आणखी एक मिस्त्री गाडीत बसलो, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं. दुसऱ्या दोघांनी पुढून बॉनेट दाबून धरलं. बाईंनी पोतं अंथरायला सांगितलं आणि पांढऱ्या लुगड्यासकट त्या जमिनीवर आडव्या झाल्या. शेठ पाठ वळवून उभे राहिले. बाईंनी नळीच्या जागेवर हात फिरवला. बोट घालून पाहिलं. जात नव्हतं.

"हे असं कुणी पाहिलं नव्हतं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"नाई, बाई. मी उभी गाडी मोजली."

त्या उठल्या, पदर झटकला आणि एवढंच म्हणाल्या की आता बरोबर करा, मला बसून राहता येत नाही.

दुसऱ्या गॅरेजात त्या गेल्या नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. मी चारही चाकांच्या तारा पुन्हा सोडल्या आणि रिम पाऊण इंच बाहेर घेतला. टायर मडगार्डबाहेर आले तेवढ्यापुरती कातड्याची झालर लावली. नवी नळी वरच्या बाजूनं फिरवून पट्टीनं बांधली. स्टिअरिंगचं शेवटचं वळण बोल्ट लावून थोडं अडवलं. त्यामुळे गाडी गल्लीत एका दमात वळेनाशी झाली, बाईंना एकदा मागं घ्यावी लागे. त्याची तक्रार त्यांनी केली नाही. मग मी स्वतः, शेजारी धान्याचं पोतं ठेवून, घाट तीनदा चढलो आणि तीनदा उतरलो. दर खेपेला खाली उतरून टायर आतून पाहिला. कोरडा होता.

शेठ पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. गिऱ्हाइकं काही तुटली नाहीत. एक-दोन वाढलीच.

मेहकरचे डॉक्टर सांगितल्याप्रमाणे आले. मी त्यांच्या गाडीत चार माणसांचं वजन घातलं, स्टिअरिंग दोन्ही अंगांना पुरतं वळवलं आणि मोजलं. त्यांच्या गाडीची स्टिअरिंगची दांडी टायरच्या वाटेत येत होती. रिम कितीही बाहेर घेतला तरी जागा होत नव्हती. मी सांगितलं की या गाडीला सोळाचं चाक बसणार नाही, एकोणीसचा टायर मिळेपर्यंत थांबा. ते फार चिडले. बाईंच्या गाडीला बसतं आणि माझ्या का नाही, म्हणाले. तुमच्या मिस्त्रीला काम येत नाही, असं शेठना ऐकवलं. शेठनी हात जोडले, पण मला काही बोलले नाहीत.

टेपनं चाकाचं निम्मं माप कळतं. उरलेलं निम्मं माणसं बसवून आणि चाक शेवटपर्यंत वळवून कळतं. मेहकरचे डॉक्टर पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. पण त्या दिवशी ते झिजलेल्या टायरांवर, शिव्या देत, घाट चढून धड घरी पोचले.