शुक्रवारचं नेहमीचं

डार्विनकरांनो, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

वसईहून इथे ऑस्ट्रेलियात आलेल्या आईला आज इथल्या पोर्तुगीज क्लबात जेवायला नेलं. म्हटलं, आपल्यासारख्याच पोर्तुगीज आडनावांची माणसं, तिला बरं वाटेल.

आम्ही कॅथलिक. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस खात नाही, मासे चालतात. मीही पाळतो, असं आईला व्हिडिओ कॉलवर दर वेळी छातीठोक सांगत आलोय.

आज उपवासकाळातलाच शुक्रवार. ऑर्डर द्यायला गेलो, तर काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "फ्रायडेचं नेहमीचंच ना, मेट? पोर्क?"

आईला तेवढं इंग्रजी कळतं.

मी घाईघाईने दोन मासे सांगितले.  आई स्वतःच्या माशाचे काटे काढून मऊ तुकडे माझ्या ताटात सरकवत राहिली. 

गाडीत बसल्यावर तिने एकच विचारलं, "फोनवर 'मी बरा आहे' म्हणतोस, ते तरी खरं असतं ना रे?"

सिग्नल हिरवा झाला, तेवढ्यावर सुटलो. आता ती शेजारच्या खोलीत रोझरीची प्रार्थना म्हणतेय. संपली की बाहेर येईल.

तुम्ही काय सांगता तुमच्या आईला?